गावची पोरं लेक्सिंग्टनवाले खरंच पळवतात का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही तीनेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिलला राहायला आलात. मुलगा आता इथल्या हायस्कूलमध्ये दहावीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड खेळतो. ऑफिसात काय, शेजारी काय, सगळ्यांची एकच तक्रार, की गावातली चांगली पोरं केंटकी विद्यापीठवाले लेक्सिंग्टनला पळवतात आणि आपलं लुइव्हिल विद्यापीठ मात्र बाहेरून भरती करतं. यात तथ्य किती, आणि मुलाने घरच्या विद्यापीठाची वाट बघत थांबावं का?

मी या भागात बरीच वर्षं शाळा आणि क्लबच्या टीमना कोचिंग करतोय. दोन्ही विद्यापीठांचे असिस्टंट कोच आमच्या जिममध्ये येऊन बसलेले पाहिलेत, पोरांच्या घरी त्या काळात काय चालतं तेही पाहिलंय. माझं मत स्पष्ट सांगतो. पळवलेली पोरं फार थोडी. बहुतेक वेळा एकीकडे जागा नव्हती, किंवा उशिरा निघाली, आणि दुसरीकडे ती आधीच राखून ठेवली होती. गावाचं प्रेम, लुइव्हिलचा लाल रंग, केंटकीचा निळा रंग ही सगळी प्रेक्षकांची भाषा. सतरा वर्षांचा पोरगा आणि त्याची आई एवढंच बघतात, की आपल्यासाठी जागा कोणी ठेवली, आणि ती खरी आहे का.

आपल्याकडे स्पोर्ट्स कोट्यातून अ‍ॅडमिशन झाली की विषय संपतो, वर्तमानपत्रात ओळसुद्धा येत नाही. इथे एका पोराने कॉलेज जाहीर करताना कुठली टोपी घातली यावरून काका-पुतणे वर्षभर बोलत नाहीत. दोन शहरांमध्ये अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. राज्यात व्यावसायिक बास्केटबॉलची मोठी टीम नाही, त्यामुळे सगळा जीव कॉलेजवर. त्यात केंटकी हे अख्ख्या राज्याचं विद्यापीठ. पूर्वेकडच्या डोंगरातल्या कोळशाच्या गावांपासून पश्चिमेच्या शेतीपट्ट्यापर्यंत सगळे निळे. लुइव्हिल विद्यापीठ मात्र १९७० पर्यंत शहराचं होतं, राज्याच्या व्यवस्थेत ते नंतर आलं. म्हणून इथल्या लाल रंगाला शहराचा अभिमान चिकटलेला आहे आणि ‘आमची पोरं’ हे शब्द इथे जरा जास्तच जोरात म्हटले जातात.

आता जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय आजचं काही कळत नाही. वेस अन्सेल्ड हा याच शहरातला, सेनेका हायस्कूलचा. १९६३ आणि १९६४ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने शाळेला राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. कोच अडॉल्फ रप यांच्या केंटकीने त्याला स्कॉलरशिप देऊ केली. पण तिथे तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, ज्या लीगमध्ये केंटकी खेळायचं त्या अख्ख्या लीगमध्ये नव्हता. तो पहिला ठरला असता, आणि दक्षिणेतल्या प्रत्येक जिममध्ये एकट्याने उभा राहिला असता. लुइव्हिल विद्यापीठाने हे दार दोन वर्षं आधीच, १९६२ मध्ये, वेड ह्यूस्टन, सॅम स्मिथ आणि एडी व्हाइटहेड या तिघांना घेऊन उघडलं होतं. अन्सेल्ड घरीच राहिला. पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्याच हंगामात, १९६८-६९ ला, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान त्याने घेतले. इकडे केंटकी १९६६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला पोचलं, सगळे गोरे खेळाडू घेऊन, आणि पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात करणाऱ्या टेक्सास वेस्टर्नकडून ७२-६५ ने हरलं. त्या हरण्याबद्दल इथे अजून लोक हळू आवाजात बोलतात. केंटकीकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू टॉम पेन. तो मैदानात उतरला १९७०-७१ च्या हंगामात. तोही लुइव्हिलचाच, शॉनी हायस्कूलचा. म्हणजे लेक्सिंग्टनने या गावातून कृष्णवर्णीय पोरगा नेण्याची ती वाट खुली व्हायलाच इतकी वर्षं लागली.

वेड ह्यूस्टन हे नाव लक्षात ठेवा. माझ्या मते घरच्या पोरांचा विषय कळायला या एकाच माणसाचा प्रवास पुरे आहे. खेळून झाल्यावर तो मेल हायस्कूलचा कोच झाला आणि १९७५ मध्ये शाळा राज्यात पहिली आली. त्या टीममध्ये डॅरेल ग्रिफिथ होता. उडी अशी की हायस्कूलमध्ये असतानाच देशभरातली कॉलेजं त्याच्या मागे लागलेली. १९७६ मध्ये ग्रिफिथने लुइव्हिल निवडलं, आणि त्याच वर्षी लुइव्हिलचे कोच डेनी क्रम यांनी ह्यूस्टनला आपला असिस्टंट म्हणून घेतलं. योगायोग म्हणा, हवं तर. ग्रिफिथने विजेतेपद आणायचा शब्द दिला होता आणि चौथ्या वर्षी तो पाळला: १९८० च्या फायनलमध्ये लुइव्हिल ५९, यूसीएलए ५४, ग्रिफिथचे २३ पॉइंट. घरचा पोरगा घरी राहिला आणि घर मोठं केलं, याचं एवढं चोख उदाहरण या शहरात दुसरं नाही. आजही कुठल्याही मुलाच्या घरी लुइव्हिलचा कोच गेला की बोलणं ग्रिफिथवर येतंच.

पण गोष्ट इथे थांबत नाही. ह्यूस्टनचा मुलगा अ‍ॅलन. बॅलार्ड हायस्कूलचा, १९८८ मध्ये राज्य विजेत्या टीममधला, नेमबाज असा की बघत राहावं. बाप लुइव्हिलच्या बाकावर, तेव्हा मुलाने लुइव्हिललाच सही करावी हे ओघाने आलं आणि त्याने केलीही. १९८९ मध्ये वेड ह्यूस्टनला टेनेसी विद्यापीठाने मुख्य कोच केलं. लुइव्हिलने अ‍ॅलनला मोकळं केलं, तो बापामागे गेला आणि २८०१ पॉइंट करून टेनेसीचा सर्वाधिक पॉइंट करणारा पुरुष खेळाडू ठरला. त्याला कोणी पळवलं? कोणीच नाही. पोरगा माणसामागे जातो. तो माणूस तुमच्या बाकावर असेल तोवर पोरगा तुमचा.

दोन्ही विद्यापीठं मात्र एकमेकांशी खेळतच नव्हती, हेही नव्या माणसाला माहीत नसतं. १९२२ नंतर हंगामात सामनाच नाही. केंटकीचं म्हणणं सरळ होतं: आम्ही मोठे, धाकट्याशी खेळून आम्हाला काय मिळणार? राष्ट्रीय स्पर्धेत गाठ पडली तरच, जशी १९५९ मध्ये पडली आणि लुइव्हिलने ७६-६१ ने जिंकली. मग २६ मार्च १९८३, नॉक्सव्हिल. शेवटच्या क्षणी केंटकीच्या जिम मास्टरने बरोबरी केली, जादा वेळ मिळाला, आणि त्यात लुइव्हिलने १८ विरुद्ध ६ असा धुव्वा उडवून ८०-६८ ने बाजी मारली. त्यानंतर राज्यात एवढा दबाव आला की त्याच नोव्हेंबरात दरवर्षीचा सामना सुरू झाला. पहिला लेक्सिंग्टनला; केंटकीने ६५-४४ ने उट्टं काढलं. भरतीच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. तोवर दोघांची तुलना गप्पांमध्ये व्हायची. आता राज्यातला प्रत्येक पोरगा वर्षातून एकदा दोघांना समोरासमोर बघून ठरवू लागला. १९८६ मध्ये ओवेन्सबरोच्या रेक्स चॅपमनने केंटकी निवडलं आणि डिसेंबरात, पहिल्याच वर्षाचा पोरगा, लुइव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये येऊन २६ पॉइंट करून गेला. स्कोअर ८५-५१. तो दिवस आठवला की इथले म्हातारे अजून मान हलवतात.

घरच्या पोरांची खरी किंमत कळते ती घर पडलं की. १९८९ मध्ये केंटकीवर नियमभंगाबद्दल दोन वर्षं स्पर्धाबंदी आली. चांगले खेळाडू निघून गेले, बाहेरचे यायला तयार नाहीत. थांबले ते क्ले काउंटीचा रिची फार्मर, मेसन काउंटीचा डेरॉन फेल्डहाउस, पेंट्सव्हिलचा जॉन पेल्फ्री, आणि चौथा शॉन वूड्स, तो शेजारच्या इंडियानाचा. रिक पिटिनो नवे कोच. १९९२ मध्ये हीच चौकडी ड्यूकविरुद्ध जादा वेळेत १०४-१०३ ने हरली, शेवटच्या सेकंदाला लेटनरने टाकलेल्या बॉलवर. हरूनही चौघांच्या जर्सी छताला टांगल्या गेल्या. भरतीच्या कागदावर यातला एकही पहिल्या फळीतला नव्हता. म्हणून ‘घरचा पोरगा कमी प्रतीचा असला तरी घ्या’ असं मी म्हणत नाही. पण तो दोन वाईट हंगामांत पळून जात नाही, आणि ही गोष्ट कोच लोक चांगल्या दिवसांत विसरतात.

आता तुमच्या शेजाऱ्यांचं आवडतं उदाहरण, राजॉन रॉन्डो. लुइव्हिलचा, ईस्टर्न हायस्कूलचा, शेवटचं वर्ष व्हर्जिनियातल्या ओक हिल अकॅडमीत. तोवर तेच पिटिनो लुइव्हिलचे कोच झाले होते (हो, केंटकीला विजेतेपद मिळवून दिलेला माणूस आता लाल कोटात, तो राग वेगळाच). त्यांची नजर ब्रुकलिनच्या सबॅस्टियन टेलफेअरवर होती. टेलफेअरने लुइव्हिलला होकार दिला. पॉइंट गार्डची जागा भरली. रॉन्डो केंटकीला गेला. मग २००४ मध्ये टेलफेअर कॉलेजला आलाच नाही, हायस्कूलमधून थेट एनबीएत गेला. लुइव्हिलच्या हातात ना हा, ना तो. त्याच डिसेंबरात केंटकी इथे फ्रीडम हॉलमध्ये आलं आणि ६०-५८ ने जिंकलं. शेवटचे तीन फ्री थ्रो पॅट्रिक स्पार्क्सने टाकले, तो राज्याच्या पश्चिम भागातला, आणि टीममध्ये नवखा रॉन्डो. आता सांगा, याला पळवणं म्हणायचं का? कोचचा हिशोब चुकला, एवढंच. पण पिटिनोंना सर्वस्वी दोष द्यायलाही मी तयार नाही. देशातला सर्वांत गाजलेला गार्ड ‘येतो’ म्हणत असेल तर कुठला कोच थांबा म्हणेल?

आणि कित्येकदा तिसराच घेऊन जातो. डी’अँजेलो रसेल लुइव्हिलचा. फ्लोरिडातल्या शाळेत गेला, तिथून ओहायो स्टेटला, एका वर्षात एनबीए. नदीपलीकडच्या न्यू अल्बनीचा रोमिओ लँगफर्ड २०१८ मध्ये इंडियानाला गेला. तेव्हा लुइव्हिल भरतीतल्या पैशांच्या प्रकरणातून नुकतं पोळलेलं होतं, पिटिनो गेलेले, २०१३ चं विजेतेपद काढून घेतलेलं. अशा घरात कुठली आई पोराला पाठवेल?

आता आजचं चित्र. तुमच्या मुलाला जुन्या कथांपेक्षा हे जास्त लागू आहे.

२०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि त्याच वर्षापासून एक कॉलेज सोडून दुसरीकडे गेलं तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही. २०२४ पासून तर कितीही वेळा बदला. जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतः खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. परिणाम असा, की कोच अठरा वर्षांच्या पोराला वाढवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं मुरलेला बावीस वर्षांचा गडी विकत आणतो. लुइव्हिलचंच बघा. २०२२ मध्ये ‘आपला माणूस’ म्हणून केनी पेनला कोच करून आणलं, तो इथला जुना विजेता खेळाडू. दोन हंगामांत १२ विजय, ५२ पराभव. मग पॅट केल्सी आले, जवळजवळ अख्खी टीम ट्रान्सफरवाल्यांची भरली, आणि पहिल्याच हंगामात २७-८. यात गावची पोरं किती, असं तेव्हा कोणीही विचारलं नाही. लोकांना जिंकणारा पाहुणा हरणाऱ्या घरच्यापेक्षा बरा वाटतो, हे मान्य करून टाकावं. (राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा पहिला सामना लागला कुठे? लेक्सिंग्टनच्या रप अरीनात. तिथेच क्रेटनकडून हरले. निळ्या मंडळींना तो आठवडा फार गोड गेला.)

केंटकीतही तेच, फक्त तिथे घरच्या पोरांची हौस जास्त. रीड शेपर्ड हा नॉर्थ लॉरेलचा, आई-बाप दोघेही केंटकीकडून खेळलेले. एक वर्ष खेळला, तीनच्या रेषेबाहेरून ५२ टक्के मारले आणि २०२४ मध्ये एनबीएत तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. हे स्वप्न. आता दुसरी बाजू. लायन काउंटीचा ट्रॅव्हिस पेरी सातवीपासून हायस्कूलच्या मुख्य टीममध्ये होता. त्याचे एकूण ५४८१ पॉइंट, राज्याचा विक्रम. आधीचा, केली कोलमनचा ४३३७ चा, १९५६ पासून अबाधित होता. २०२४ मध्ये शाळेला राज्य विजेतेपद मिळवून दिलं आणि केंटकीला गेला. कोच मार्क पोप नव्याने आलेले. त्यांनी त्याला ठेवला, पण पुढे अनुभवी ट्रान्सफर गार्ड उभे. वर्षभरात मोजकी मिनिटं मिळाली आणि २०२५ मध्ये पेरी मिसिसिपीला, ओल मिसला, गेला. राज्याच्या इतिहासातला सर्वाधिक पॉइंट करणारा पोरगा, गार्ड, तुमच्या मुलाच्याच जागेवर खेळणारा. त्याला राज्याचं लाडकं विद्यापीठ एका वर्षात सोडावं लागलं. हे घरात सगळ्यांनी एकदा शांतपणे ऐकावं. उलट ग्रेट क्रॉसिंगचा मलाकाय मोरेनो २०२५ मध्ये केंटकीला गेला तो सेंटर. उंच पोरांचा बाजार निराळा, त्यांना थांबायला लावतात पण सोडत नाहीत.

जिममध्ये हे सगळं कसं दिसतं तेही सांगतो. जुलैतल्या मोठ्या स्पर्धांमध्ये एका हॉलमध्ये आठ-दहा कोर्ट एकदम चालू असतात. बेसलाइनच्या मागे घडीच्या खुर्च्या आणि त्यावर आपापल्या कॉलेजच्या रंगाचे पोलो शर्ट घातलेले कोच. तिथे त्यांना आईबापांशी भरतीचं बोलायची मुभा नसते. म्हणून ते फक्त दिसतात. मुख्य कोच स्वतः आला आणि अख्खा सामना बसला, तर पोराला निरोप पोचला. असिस्टंट आला, दहा मिनिटं बसला, फोन बघत पुढच्या कोर्टवर गेला, तर तोही निरोपच. बुटांकडेही लक्ष ठेवा. लुइव्हिलचा करार आदिदासशी, केंटकीचा नायकेशी, आणि उन्हाळ्यातल्या क्लबच्या लीगही त्याच कंपन्यांच्या. पोरगा कुठल्या लीगमध्ये खेळतो यावरून त्याला कोण जास्त वेळा बघणार हे बरंचसं ठरतं. शाळेच्या हंगामात उलटं. केंटकीत राज्य स्पर्धा एकच, छोट्या-मोठ्या शाळा एकत्र, सोळा विभागांतून सोळा टीम, आणि गेली अनेक वर्षं ती रप अरीनात होते. लुइव्हिलच्या पोराचा शाळेतला सर्वांत मोठा सामना केंटकीच्या घरच्या कोर्टवर होतो. लेक्सिंग्टनला याहून चांगली जाहिरात विकत घेता आली नसती.

तुमच्या मुलाचं. दहावी संपली की १५ जूनपासून मोठ्या कॉलेजचे कोच थेट फोन, मेसेज करू शकतात. त्या दिवशी फोन वाजला नाही तर घरात सुतक धरू नका. बहुतेकांचा वाजत नाही. जो वाजेल त्याला एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत तुम्ही हायस्कूलमधून थेट आणलेले गार्ड कोण, आणि दुसऱ्या वर्षी त्यातले किती तुमच्याकडे उरले? गोल गोल उत्तर आलं तर समजून जा. ‘वॉक-ऑन (म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये) म्हणून ये, पुढे बघू’ यावर आता फार विसंबू नका, कारण नव्या नियमात टीमची मर्यादा पंधरा आहे आणि त्यात वॉक-ऑनही मोजले जातात.

घराजवळच राहायचं असेल तर घर जरा मोठं धरा. याच शहरात बेलरमाइन विद्यापीठ आहे, २०२० पासून पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीवर. तिथे स्कॉट डेव्हनपोर्ट यांनी वीस वर्षं टीम बांधली. अ‍ॅलन ह्यूस्टनची ती १९८८ ची बॅलार्डची टीम त्यांचीच. वेस्टर्न केंटकी, मरे स्टेट, मोरहेड, नॉर्दर्न केंटकी आहेत. अभ्यासात बरा असेल तर सेंटर कॉलेज आणि ट्रान्सिल्वेनिया विद्यापीठ आहेत, दोन्ही तिसऱ्या डिव्हिजनमधली. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, पण पोरगा चार वर्षं खरोखर मैदानात असतो. इथून सुरुवात करून वर जाणं आज पूर्वीपेक्षा सोपं आहे, कारण तोच ट्रान्सफरचा दरवाजा खालून वरही उघडतो.

मार्कांकडे दुर्लक्ष नको. पहिल्या डिव्हिजनसाठी नववी ते बारावीत सोळा ठरावीक कोर्स लागतात, त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या कोर्सचा सरासरी ग्रेड किमान २.३. शाळेच्या काउन्सेलरकडून मान्य कोर्सची यादी या महिन्यातच घ्या.

आणि एक गोष्ट इथला कुठलाही अमेरिकन कोच तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला ती माहीतच नसते. तुम्ही एच-१बी वर असाल आणि मुलगा एच-४ वर, तर त्याला कामाची परवानगी नाही. स्कॉलरशिप घेता येते. पण नावावरचे पैसे, जाहिरात, कॉलेजचा वाटा यावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पेन उचलू नका. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि बहुधा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. तिथेही हा पैशांचा प्रश्न सुटत नाही. कॉलेजचा कंप्लायन्स (नियमपालन) विभाग त्यांचा नियम सांगेल, तुमच्या व्हिसाचा नाही. ग्रीन कार्डची फाइल कुठवर आली आहे हे मुलाच्या अकरावीआधी एकदा नीट बघून ठेवा.